अम्माच्या स्ट्रिप्स परत सुरू करा : एका संस्थेच्या विश्वस्तांना खुलं पत्र

सन्माननीय विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडकडच्या एका वस्तीत चष्म्याचं छोटं दुकान चालवते. ऑप्टोमेट्री शिकले आहे. नंबर काढते, चष्मे बसवते, कॉन्टॅक्ट लेन्स बसवते. माझी अम्मा चाळीस वर्षं विड्या वळते आहे आणि गेली चौदा वर्षं तिला शुगर आहे. तुमच्या रविवारच्या शिबिरात तिचं कार्ड आहे. त्या कार्डावर महिन्याला रक्तातली साखर तपासायच्या पंचवीस स्ट्रिप्स आणि वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याचा फोटो, एवढं तुम्ही नऊ वर्षं न चुकता दिलंत. आमच्या गल्लीतल्या दोघीजणी त्या फोटोमुळेच वेळेत लेसरला गेल्या आणि आज सुईत दोरा ओवतात. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुमचं काम मला दिसत नाही असं कुणाला वाटायला नको.

गेल्या महिन्यात तुम्ही स्ट्रिप्स बंद केल्या. पडद्याचा फोटोही थांबवला. शिबिरात माईकवरून सांगितलं गेलं की आता बोट टोचायची गरज नाही, डोळ्यात घालायची लेन्स येते आहे, ती अश्रूंतली साखर मोजून मोबाईलवर दाखवेल. तोवर प्रत्येकीने पाचशे रुपये भरून नाव नोंदवावं. पत्रकं वाटली गेली. टाळ्याही पडल्या. मी दोनदा कार्यालयात आले, एकदा लेखी अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव घालत नाही, कारण माझं भांडण या एका निर्णयाशी आहे आणि तो तुम्ही मागे घेऊ शकता.

बिनसुईची तपासणी आमच्या घराला किती हवी आहे हे आधी समजून घ्या. अम्मा सूप मांडीवर घेऊन बसते, कापलेल्या पानात तंबाखू भरते, अंगठा आणि तर्जनीत विडी वळते, टोक मुडपते, दोरा बांधते. दिवसाला सातशे-आठशे. बोटांची टोकं घासून इतकी गुळगुळीत झाली आहेत की रेशनच्या दुकानात तिचा अंगठा मशीनवर उमटत नाही. त्या बोटाला सुई टोचली की दुसऱ्या दिवशी तंबाखू त्या बारीक भोकात झोंबते आणि विड्या कमी पडतात. मी तिला डाव्या हाताची करंगळी, तीही कडेला, टोचायला शिकवलं. तरी ती टाळतेच. बोटं तिची हत्यारं आहेत. ज्या दिवशी अश्रूंतून साखर खरोखर कळेल, त्या दिवशी पहिली लेन्स माझ्या हाताने मी अम्माच्या डोळ्यात बसवीन.

ही गोष्ट अम्माला सगळ्यात आधी मीच सांगितली होती. २०१४ च्या जानेवारीत गूगलने अशा लेन्सची घोषणा केली. मी तेव्हा कॉलेजात होते. सरांनी वर्गात चित्र दाखवलं : बोटाच्या टोकावर पारदर्शक लेन्स, तिच्यात बारीकशी चिप, कडेने केसापेक्षा बारीक अँटेना. त्याच वर्षी जुलैत नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या अल्कॉन या डोळ्यांच्या विभागाने ते तंत्रज्ञान पुढे न्यायचा करार केला. मी घरी येऊन अम्माला म्हटलं, बघ, तुझ्या डोळ्यातलं पाणीच शुगर सांगेल. आमच्या तेलुगूत अश्रूंना कन्नीळ्ळू म्हणतात, म्हणजे डोळ्यांचं पाणी. ती हसली आणि म्हणाली, मग रडायलाच बसते. २०१८ च्या नोव्हेंबरात ते काम थांबलं. गूगलपासून वेगळ्या झालेल्या व्हेरिली कंपनीने स्वतः सांगितलं की अश्रूंतली साखर आणि रक्तातली साखर यांचा मेळ वैद्यकीय उपकरणाला लागतो तेवढ्या भरवशाने बसत नाही. एवढा पैसा आणि एवढी माणसं असलेल्या कंपनीने जवळजवळ पाच वर्षांनी हे कबूल केलं. ते मी अम्माला सांगायचं राहून गेलं. तुमच्या माईकवरून तिने तीच गोष्ट पुन्हा ऐकली आणि तिला वाटलं, लेकीने सांगितलेलं अखेर आलं.

तिने टोचणं सोडलं. मी दुकानातून विकत आणून दिलेली स्ट्रिप्सची डबी तिने ट्रंकेत ठेवली. लेन्स येणार आहे तर पैसे कशाला घालवायचे, हा तिचा हिशोब. मला हे दोन आठवडे कळलं नाही. मग एका शनिवारी तिचा उपास होता. रात्री शुगरची गोळी घेतली आणि काही न खाता झोपली. पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात भांडं पडलं. जाऊन बघते तर अम्मा ओट्याला धरून उभी, पदर घामाने भिजलेला, मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारते आहे. मीटर लावला. ५४, शुगर फार उतरली होती. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ८१. मग तिने मला ओळखलं.

मी घरात होते म्हणून हे निभावलं. तुमच्या कार्डावरच्या कितीतरी बायका एकट्या झोपतात.

आता माझ्या तक्रारी. एकेक मांडते.

पहिली : तुम्ही जे देणार म्हणता ते नक्की काय आहे, हे पत्रकात कुठेच नाही. कंपनीचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, आणि २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम त्यांना लागू आहेत. साधी नंबरची लेन्स विकतानाही मी खोक्यावरचा परवाना पाहते. मग शुगर सांगणाऱ्या लेन्सचा परवाना कुठे आहे? ती अजून चाचणीत असेल तर गोष्ट आणखी वेगळी होते. चाचणीला नीतिसमितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी लागते, भाग घेणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून संमती घ्यावी लागते, इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. चाचणीत येणाऱ्याकडून पाचशे रुपये घ्यायचे नसतात. पाचशे रुपये म्हणजे अम्माची तीन दिवसांची कमाई. ही विक्री आहे की चाचणी, एवढं एका ओळीत सांगा.

दुसरी तक्रार अश्रूंबद्दल. डोळ्यात एका वेळी असणारे अश्रू साधारण सात मायक्रोलिटर. ड्रॉपच्या बाटलीतून पडणारा एक थेंब याच्या कित्येक पट मोठा असतो. एवढ्याशा पाण्यात साखर असते ती रक्ताच्या मानाने फारच कमी, आणि रक्तातल्या चढ-उताराच्या मागून उशिराने बदलणारी. त्यात अश्रूंचे प्रकार आहेत. डोळा ओला ठेवणारे नेहमीचे अश्रू वेगळे, कांदा चिरताना येणारे वेगळे, रडताना येणारे वेगळे. डोळा झोंबला की पाण्याचा लोंढा येतो आणि आतली साखर विरळ होते. डोळा चोळला, बुबुळाच्या वरच्या थराला ओरखडा गेला, की आतली साखर पाझरून आकडा चढतो. रक्तात काहीही न बदलता मोबाईलवर वेगळा आकडा दिसू शकतो. त्या आकड्यावर कुणी गोळी घेणार, कुणी इन्सुलिनची युनिट्स ठरवणार.

हे फक्त लेन्सपुरतं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सावध केलं की कातडी न टोचता शुगर सांगतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका; अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. मंचावर तुमच्या शेजारी डॉक्टर बसले होते. त्यांनी हे माईकवर का सांगितलं नाही, हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळतो आहे.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जवळची आहे, कारण तो माझा रोजचा धंदा आहे. तुम्ही ही लेन्स कुणाच्या डोळ्यात घालणार आहात? विडी वळणाऱ्या बाईच्या. तिच्या पापण्यांत तंबाखूची धूळ बसलेली असते. शेजारच्या घरात यंत्रमाग, हवेत सुताचे तंतू. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, वरून पत्र्याचं छप्पर. दुपारी माझ्या दुकानात येणाऱ्या दर दुसऱ्या बाईचं म्हणणं एकच : डोळे चुरचुरतात, खडा गेल्यासारखं वाटतं. मी कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं ठेवते. ही शिर्मरची चाचणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि अजून कामाची आहे. कित्येकींची पट्टी जेमतेम ओली होते. अश्रूंवर चालणारं यंत्र अशा कोरड्या डोळ्यात काय मोजेल?

लेन्सला पाणी लागलेलं चालत नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तीनदा बजावते. नळाचं नको, फिल्टरचंही नको. पाण्यात अकांथअमिबा नावाचा जीव असतो, तो लेन्सखाली अडकला तर बुबुळ पोखरतो, आणि त्याचं दुखणं महिनोन्महिने चालतं. आता आमच्या घरांकडे बघा. सोलापुरात वर्षानुवर्षं तीन-चार-पाच दिवसांआड पाणी भरत आलो आपण. बॅरलात, हौदात, घागरीत साठवलेलं. तंबाखूचे हात त्याच पाण्यात धुतले जातात, त्याच ओल्या हाताने लेन्स उचलली जाणार. लेन्स धुवायच्या सोल्युशनची बाटली महिन्याला एक तरी लागते. ती कोण देणार, हे पत्रकात नाही. संपली की पाण्याने भागवलं जाईल. मी हे पाहिलं आहे, शिकलेल्या मुलींनी केलेलं पाहिलं आहे.

आणि शुगरच्या पेशंटचा डोळा तर आणखी नाजूक. मधुमेहात पायाच्या तळव्याची जाणीव जाते हे आता सगळ्यांना माहीत झालं आहे. तसंच बुबुळाचंही होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जाणीव मंदावते, जखम झाली तरी टोचत नाही, आणि झालेली जखम लवकर भरत नाही. निरोगी माणसाला लेन्स खुपली की तो काढून फेकतो. अम्माला खुपणारच नाही कदाचित. तिला कळेल तेव्हा डोळा लाल झालेला असेल, चिपडं धरलेली असतील. बुबुळावर एकदा फूल पडलं की तिथली दृष्टी गेली. चार बोटं वाचवायला निघालो आणि डोळा गमावला, असं झालं तर कुणाला विचारायचं?

चौथी : रात्र. लेन्स घालून झोपायचं नाही, हा पहिला धडा. झोपेत लेन्स डोळ्यात राहिली तर जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पट वाढतो. म्हणजे रात्री लेन्स डबीत. अम्माची शुगर उतरली ती पहाटे साडेचारला. त्या वेळी तुमची लेन्स डबीतल्या सोल्युशनमध्ये तरंगत असती.

पडद्याचा फोटो का थांबवला, याचं तर एक वाक्यही कुणी बोललं नाही. लेन्स बसते डोळ्याच्या पुढे. मधुमेह बिघडवतो तो मागचा पडदा. अश्रूंतली साखर अगदी बिनचूक कळली तरी पडद्यावरची रक्ताची गळती तिला दिसत नाही. सुरुवातीला पेशंटलाही काही जाणवत नाही, म्हणून तर वर्षातून एकदा फोटो काढायचा. भारतात मधुमेहाची माणसं किती, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या २०२३ साली आलेल्या अभ्यासाने सांगितलं : सुमारे १० कोटी १० लाख. त्यांच्यातल्या आपल्या वाट्याच्या दीडशे जणींचा फोटो तरी चालू ठेवा.

शेवटची तक्रार कागदाची. नोंदणीचा फॉर्म इंग्रजीत आहे. अम्माने खाली सही केली. तिने काय वाचलं? मी वाचलं. मोबाईलमधली माहिती ‘भागीदारांना’ देता येईल असं त्यात लिहिलं आहे. भागीदार कोण, विमा कंपनी की विडी कंपनीची ब्रँच, काही खुलासा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची सोय आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, आपल्या गावात बोलल्या जाणाऱ्या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत.

मी या तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असं पत्र वाचून कुणी म्हणेल, म्हणून हेही लिहिते. डोळ्यात घालायचं उपकरण कामाचं असू शकतं. स्वित्झर्लंडच्या सेन्सिमेडची ट्रिगरफिश नावाची लेन्स आहे. तिला २०१६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. काचबिंदूच्या पेशंटला ती जास्तीत जास्त चोवीस तास लावतात. डोळ्याच्या दाबातल्या बदलांबरोबर बुबुळाचा आकार सूक्ष्म बदलतो, तो ती टिपते. ती अश्रू तपासत नाही, दाबाचा नेमका आकडाही सांगत नाही. दिवसरात्रीत दाब साधारण कधी वाढतो एवढंच डॉक्टरला दाखवते, आणि तेवढंच सांगते म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो. अश्रूंची तपासणीही आज होते, डोळ्याच्याच आजारांसाठी. अश्रू किती खारट झाले आहेत, त्यांत दाह दाखवणारी प्रथिनं आहेत का, यावरून कोरड्या डोळ्याचं निदान करता येतं. आमच्या विडी कामगारांच्या डोळ्यांवर असा अभ्यास कुणी करायचा म्हटलं तर मी माझं दुकान, माझी यंत्रं आणि माझे रविवार देते. आपल्या गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे नेत्रविभाग आहे, नीतिसमिती आहे. त्या दारातून या. आमच्या बायका चाचणीला घाबरणाऱ्या नाहीत. त्यांना काय चाललं आहे ते सांगा, धोका सांगा, पैसे मागू नका.

तुमच्या मंचामागच्या फलकावर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो होता. सोलापूरचा हा मुलगा १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेला आणि १९४२ साली तिथेच वारला. हातात असेल त्या साधनाने समोरच्या जखमीला वाचवायचं, हे काम त्यांनी शेवटपर्यंत केलं. त्यांचा फोटो लावून आमच्या हातातलं साधन काढून घेणं मला सहन झालं नाही, हे स्पष्ट लिहिते.

माझ्या मागण्या या आहेत. स्ट्रिप्स या महिन्यापासून पूर्वीसारख्या सुरू करा, आणि बंद असलेल्या महिन्याच्याही द्या. पडद्याचा फोटो पुन्हा सुरू करा; ज्यांचं वर्ष उलटून गेलं त्यांचा आधी. नोंदणीचे पाचशे रुपये प्रत्येकीला परत करा आणि तिच्याकडून परत मिळाल्याची सही घ्या. लेन्स कुणाची, परवाना कोणता, ही चाचणी की विक्री, हे मराठीत आणि तेलुगूत लिहून शिबिराच्या दारावर लावा. ज्यांनी फॉर्म भरले त्यांची माहिती कुणालाही देऊ नका, आणि दिली असेल तर कुणाला ते कळवा. आणि ज्या माईकवरून बोट टोचायची गरज नाही असं सांगितलं, त्याच माईकवरून एखाद्या डॉक्टरने सांगावं की टोचणं चालू ठेवा. हे शेवटचं मला सगळ्यात तातडीचं वाटतं. पैसे आठ दिवसांनी परत आले तरी चालेल. त्या एका वाक्यावर विसंबून ज्या बायका आज रात्री न तपासता झोपणार आहेत, त्यांच्यापर्यंत दुसरं वाक्य लवकर पोचायला हवं.

या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही अठ्ठावीस जणी आपापली जुनी कार्डं घेऊन शिबिराच्या ठिकाणी येतो आहोत. अम्माही येईल. मी माझा मीटर आणि स्ट्रिप्सच्या दोन डब्या आणते, म्हणजे तुमचा निर्णय होईपर्यंत तिथल्या कुणाची तपासणी अडणार नाही. एक टेबल आणि चार खुर्च्या तेवढ्या लावून ठेवा.

आपली,
एका विडी कामगाराची मुलगी, ऑप्टोमेट्रिस्ट
सोलापूर